करंट नको, मॅडम

मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवरून एक हमाल काका घसरले आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, वाटी तारेने बांधली, सहा आठवडे पाय सरळ पट्ट्यात होता. सांगलीत माझ्याकडे फिजिओथेरपीला आले तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा साडेचार सेंटिमीटर बारीक झाली होती. आयुष्यभर क्विंटलची पोती पाठीवर वाहिलेला माणूस, पण “पाय सरळ ठेवून वर उचला” म्हटलं की सगळा जोर चेहऱ्यावर यायचा आणि मांडी नुसती पडून राहायची.

आमच्या कामात हे रोजचं आहे. दुखऱ्या, सुजलेल्या सांध्याकडून जे संदेश वर जातात, ते मांडीच्या पुढच्या स्नायूला पाठीच्या कण्यातच गप्प बसवतात. माणूस मनापासून जोर लावत असतो, हुकूम मात्र खाली पोचत नाही. अशा वेळी स्नायूवर दोन पॅड लावायचे आणि मशीनने तो बाहेरून उडवायचा. आठ-दहा वेळा उडाला की त्याबरोबर स्वतःचाही जोर लावायला सांगायचं. हळूहळू रस्ता मोकळा होतो.

बावीस वर्षं मी हे करते आहे. त्यामुळे नेहमीच्या सुरातच म्हटलं, “काका, आज जरा करंट लावूया.”

ते उठून बसले. पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली होती, ती खाली ओढली. “करंट नको, मॅडम. तो मी खाल्लाय.”

मला वाटलं शेतातली मोटर असेल. ओल्या हातांनी स्टार्टरला हात लावून शॉक खाल्लेले पेशंट आमच्या भागात पुष्कळ. मी म्हटलं, “तसा नाही हो हा, मुंग्या आल्यासारखं वाटतं फक्त.”

“चौकीत खाल्लाय,” ते म्हणाले.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या जिल्ह्यात कामाला होते, गोदामात चोरी झाली आणि संशयावरून तिघांना उचललं. तीन दिवस ठेवलं. पायाच्या अंगठ्यांना वायर गुंडाळायचे आणि एक पेटी होती तिचा दांडा फिरवायचे. हे सांगताना काकांनी उजवी मूठ वळली आणि हवेत गोल फिरवून दाखवली. “असं. हळू फिरवलं की हळू, जोरात फिरवलं की जोरात.” चौथ्या दिवशी चोर दुसराच निघाला, यांना सोडून दिलं. अंगावर कुठे काही नव्हतं. घरी बायकोलाही सांगितलं नाही, म्हणाले, कारण दाखवायला काही नव्हतं.

मूठ फिरत होती आणि मला आमच्या कॉलेजची इलेक्ट्रोथेरपीची लॅब आठवली. तिथे काचेच्या कपाटात एक लाकडी पेटी होती. बाजूला दांडा, आत घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, बाहेर दोन पितळी मुठी. दांडा फिरवला की मुठी धरणाऱ्याचे हात आखडायचे. आमचे सर ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायचे. सगळे हसत हसत एकमेकांचे हात धरून गोल करायचे आणि एकजण दांडा फिरवायचा. मीही त्या गोलात उभी राहिले आहे. तिथे ती आपल्या शास्त्राची पणजी म्हणून ठेवलेली होती.

आणि ती खरंच पणजी आहे. १७८० च्या दशकात इटलीतल्या बोलोन्यात लुईजी गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाची तंगडी विजेने उडवली आणि १७९१ साली ते सगळं छापलं. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने चुंबक आणि वेटोळं यांतून वीज काढून दाखवली. आम्ही आजही स्नायू उडवणाऱ्या करंटला ‘फॅराडिक’ म्हणतो तो त्याच्याच नावाने. पॅरिसच्या द्युशेन या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ओले इलेक्ट्रोड कातडीवर ठेवून एकेक स्नायू वेगळा उडवायची पद्धत बसवली. कुठे ठेवलं की कमीत कमी करंटमध्ये स्नायू उडतो, ती जागा आज मी रोज बोटाने शोधते. दांड्याच्या पेट्या तेव्हा डॉक्टरांच्या बॅगेत असायच्या.

मग तोच मॅग्नेटो, म्हणजे दांडा फिरवून चुंबकाने वीज काढणारं यंत्र, टेलिफोनमध्ये गेला, घंटी वाजवायला. आणि १९५४ ते १९६२ या काळात अल्जीरियाच्या युद्धात फ्रेंच सैनिकांनी लष्करी टेलिफोनचा तोच मॅग्नेटो कैद्यांच्या अंगाला जोडला. त्यांच्या बोलीत त्याला ‘जेजेन’ म्हणत, लाडक्या वस्तूला ठेवतात तसं नाव. १९६० च्या दशकात अमेरिकेत अलाबामात गुरं हाकायच्या विजेच्या काठ्या नागरी हक्कांसाठी मोर्च्यात चालणाऱ्या माणसांना लावल्या गेल्या. जगात दूरदूरच्या ठिकाणच्या माणसांना तेच एक साधन हाताशी यावं, याचं कारण मला त्या दिवशी काकांच्या पायाकडे बघताना कळलं. काठीचा वळ उठतो. तळव्यावर मारलं तरी सूज दिसते. थोड्या वेळाचा, थोड्या चार्जचा करंट बहुतेक वेळा कातडीवर काहीच ठेवत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितलं की अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. काकांची गोष्ट त्याच्या आधीची. पण झाली असती तपासणी, तरी डॉक्टरला काय दिसलं असतं? छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, आणि तो अजूनही आपण पुढे नेऊन मान्य केलेला नाही. हे मला फार लागतं.

त्या रात्री मी माझं मशीन घेऊन बसले. मला नीट जाणून घ्यायचं होतं की मी जे लावते आणि पोलिसांच्या हातात जे असतं त्यांत नेमका किती फरक आहे. आज पोलिसांकडचं सगळ्यात माहितीचं विजेचं हत्यार म्हणजे टेझर. जॅक कव्हर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ते बनवलं. सुरुवातीला त्यातल्या सुया बारुदाने उडायच्या, १९९० च्या दशकात दाबलेल्या वायूवर चालणारं मॉडेल आलं. बंदुकीसारखं धरायचं, चाप ओढला की बारीक तारांना बांधलेल्या दोन काटेरी सुया सुटतात आणि कपड्यांतून कातडीत रुततात.

आधी एक गैरसमज. टेझरबद्दल बोलताना ‘पन्नास हजार व्होल्ट’ हा आकडा हमखास येतो. तो हवेची आणि कपड्याची फट ओलांडण्यापुरता असतो. सुया रुतल्यावर अंगावर हजार-बाराशे व्होल्टच्या आसपासच राहतात. म्हणून व्होल्ट बाजूला ठेवून आम्ही जे मोजतो तेच मोजू: एका पल्समध्ये (म्हणजे विजेच्या एका झटक्यात) किती चार्ज, म्हणजे किती वीज अंगात जाते, पल्स किती लांब आणि सेकंदाला किती वेळा.

माझ्या मशीनवर गुडघ्याच्या पेशंटसाठी मी साधारण ३०० मायक्रोसेकंदांची पल्स ठेवते, सेकंदाला ५०. करंट ४० मिलिअँपिअरला नेला तर एका पल्समध्ये १२ मायक्रोकूलॉम (हे चार्ज मोजायचं एकक) चार्ज जातो. टेझरचं एक्स-२६ हे २००३ साली आलेलं मॉडेल बरीच वर्षं सगळीकडे वापरात होतं. त्याची मुख्य पल्स १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, सेकंदाला १९, आणि एका पल्समध्ये साधारण १०० मायक्रोकूलॉम.

मी हे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. पल्स माझ्यापेक्षा आखूड. वेग माझ्यापेक्षा कमी. सरासरी करंट काढला तर माझा ०.६ मिलिअँपिअर, त्यांचा १.९. तिपटीचा फरक! मला वाटलं होतं शेकडो पट असेल.

दोन्ही यंत्रं बोलतात ती एकाच नसेशी. स्नायूला थेट उडवायला लांब पल्स लागते, स्नायूकडे जाणाऱ्या नसेला आखूड पुरते. हृदयाच्या स्नायूला तर त्याहून कितीतरी लांब लागते. म्हणून मीही आखूड पल्स वापरते आणि हत्यार बनवणाऱ्यांनीही आखूडच घेतली. माझ्या पेशंटचं हृदय ज्या नियमामुळे सुरक्षित राहतं, त्याच नियमावर त्यांनी ‘जीव न घेणारं हत्यार’ उभं केलं. आमच्याच पुस्तकातलं पान आहे ते.

मग फरक कुठे पडतो? एका पल्सच्या चार्जमध्ये पहिला. १२ आणि १०० यांच्यामध्येच सगळं घडतं. करंट वाढवत नेला की आधी जाड तंतू जागे होतात: स्पर्शाचे आणि स्नायूला हुकूम नेणारे. दुखण्याचे तंतू बारीक असतात, ते उशिरा जागे होतात. या दोघांमध्ये एक अरुंद पट्टी असते जिथे स्नायू छान आवळतो आणि दुखत नाही. माझं सगळं कसब म्हणजे पेशंटला त्या पट्टीत ठेवणं. पॅड अर्धा इंच सरकवते, जेल नीट पसरते, करंट दोन-दोन सेकंदांत चढवते आणि उतरवते, दहा सेकंद आवळून तीस-चाळीस सेकंद विश्रांती देते, कारण बाहेरून उडवलेला स्नायू फार लवकर थकतो. टेझर ती पट्टी एका उडीत ओलांडतो. चढण नाही, उतार नाही, विश्रांती नाही. एकदा चाप ओढला की पाच सेकंद. दोन सुयांमध्ये फूटभर अंतर पडलं की मधले सगळे मोठे स्नायू एकदम कवेत येतात आणि माणूस लाकडासारखा होतो. अंतर कमी पडलं, किंवा यंत्राचं तोंड नुसतं अंगाला टेकवून दाबलं, तर माणूस लुळा पडत नाही, फक्त दुखतं. ही दुसरी रीत मला जास्त भयंकर वाटते. धावून येणाऱ्याला थांबवणं तिने होत नाही, नुसतं दुखवून ऐकायला लावणं होतं. काकांच्या पेटीत आणि तिच्यात मला काही फरक दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २००७ साली एक्स-२६ बद्दल बोलताना त्याचा वापर छळाचा प्रकार ठरू शकतो असं म्हटलं होतं.

चार्जबद्दल इतकं लिहिलं, पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. सिडनीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने २०२३ च्या मे महिन्यात एक बातमी पाठवली होती, कारण मी म्हाताऱ्या माणसांचं काम करते. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा नावाच्या गावातल्या वृद्धाश्रमात ९५ वर्षांच्या एक आजी, स्मृतिभ्रंशाची लक्षणं असलेल्या, पहाटे स्वयंपाकघरातली सुरी हातात घेऊन फिरत होत्या. वजन पन्नास किलोच्या आत. चालत होत्या त्या वॉकर धरून. पोलीस आले, सुरी टाका म्हणाले, आजींनी टाकली नाही. तीनेक मिनिटांत एका पोलिसाने टेझर सोडला. आजी मागे पडल्या, डोकं आपटलं, आणि आठवड्याभरात गेल्या. पुढे न्यायालयाने त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं.

आजींचा जीव विजेने घेतला नाही. पडण्याने घेतला. आम्ही म्हाताऱ्या माणसांना पडू नये म्हणून शिकवतो आणि पडलंच तर हात पुढे यावा म्हणूनही शिकवतो. भिंतीजवळ उभं करून अलगद ढकलते मी त्यांना, तळवे भिंतीला टेकायला हवेत. ते तळवे वेळेवर टेकले तर मनगट मोडतं आणि डोकं वाचतं. विजेने स्नायू धरून ठेवले की हात पुढे येतच नाहीत. माणूस पडतो तो झाडासारखा. ज्यांच्या हाडांत कॅल्शियम उरलेलं नाही त्यांचं तर काय सांगायचं! टेझरच्या प्रशिक्षणात स्वतःवर प्रयोग करून घेतलेल्या धडधाकट पोलिसाच्या पाठीचा मणका नुसत्या स्नायूंच्या आवळण्याने दबल्याचीही नोंद आहे.

आमच्या केस पेपरवर करंट लावण्याआधी विचारायच्या प्रश्नांची यादी असते. पेसमेकर आहे का? गरोदर आहात का? फिट येते का? पायाला बधिरपणा आहे का, साखर आहे का? छातीच्या आरपार पॅड लावायचे नाहीत, गळ्याच्या पुढे लावायचे नाहीत. नवीन मुलगी कामाला आली की पहिला आठवडा मी तिच्याकडून हीच यादी म्हणून घेते. हत्याराला अशी यादी विचारायला वेळ नसतो. टेझरच्या कंपनीने स्वतःच २००९ साली छातीवर नेम धरणं टाळा असं सांगितलं. तोवर एक्स-२६ बाजारात येऊन सहा वर्षं झाली होती. २००७ मध्ये कॅनडात व्हँकूव्हर विमानतळावर पोलंडहून आलेला एक प्रवासी, इंग्रजी न येणारा, तासन् तास अडकून भांबावलेला, त्याच्यावर पाच वेळा टेझर चालवला आणि तो तिथेच गेला. चौकशी आयोगाने नंतर म्हटलं, त्याची गरज नव्हती.

माझे एक मेहुणे पोलिसात होते. त्यांच्याशी मी हे बोलले. ते म्हणाले, समोरचा कोयता घेऊन येतोय आणि माझ्याकडे फक्त पिस्तूल आहे, तर तुझ्या मशीनसारखं काहीतरी हातात असलेलं बरं नाही का? बरंच आहे. याला मी नाही म्हणणार नाही. गोळीच्या जागी टेझर येत असेल तर एक आई तरी वाचेल रडायची. पण कूमातल्या त्या खोलीत गोळीचा प्रश्नच नव्हता. तिथे टेझर आला तो धीराच्या जागी. आणखी दहा मिनिटं बसायला हवं होतं, एखादी ओळखीची नर्स बोलवायला हवी होती, नाहीतर वॉकर हळूच बाजूला घेतला असता तरी आजी जागच्या जागी थांबल्या असत्या. हे आमच्याकडची कुठलीही आयाबाई सांगेल.

जाता जाता एक. पुण्या-मुंबईत हल्ली वायरी लावलेला सूट घालून ‘वीस मिनिटांत व्यायाम’ करवणाऱ्या जिमा निघाल्या आहेत. तिथेही हाच करंट असतो, एकाच वेळी सगळ्या मोठ्या स्नायूंना. पहिल्याच दिवशी जोरात करून घेतल्याने स्नायू फाटून त्यातली द्रव्यं रक्तात आली आणि मूत्रपिंडावर ताण आला अशा नोंदी आहेत. लघवी चहासारखी काळपट झाली तर घरी थांबू नका. सुरुवात अगदी हळू करा आणि आधी आपल्या डॉक्टरला विचारा.

आता काकांचं. त्यांना मी मशीन लावलं नाही. समजावून सांगितलं असतं तर कदाचित तयार झाले असते, कारण “तुम्ही म्हणाल तसं मॅडम” म्हणणाऱ्या पिढीतले ते. म्हणूनच समजावलं नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, ती खाली दाबा म्हटलं, आणि माझी दोन बोटं मांडीच्या आतल्या बाजूला वाटीच्या वर ठेवली. “माझ्या बोटांना वर ढकला.” पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी बोटांखाली पाण्यात मासा हलावा तशी एक थरथर. काकांनाच आधी कळली. “आली का?” म्हणाले. आली. मशीनने जे काम दहा-बारा दिवसांत झालं असतं त्याला पाच आठवडे लागले. रोज एसटीने यायचे, येताना कधी यार्डातल्या मित्राकडून ओल्या हळदीची गड्डी आणायचे.

मी ‘करंट’ हा शब्द पेशंटसमोर वापरणं सोडलं आहे. आता आधी मशीन माझ्या हाताला लावून दाखवते, मनगट वर उडतं ते बघू देते, मग पॅड त्यांच्या हातात देते. वाढवायचं बटण पेशंटनेच दाबायचं. त्यात वेळ जातो. बाहेर बाकावर लोक कुरकुर करतात. करू देत.

आणि केस पेपरवर पेसमेकरच्या खाली पेनने एक ओळ वाढवली आहे: ‘पूर्वी कधी शॉक बसला आहे का? कुठे?’ बहुतेकजण गिझर सांगतात, इस्त्री सांगतात, विहिरीवरची मोटर सांगतात. तपशीलवार सांगतात, हाताची कोणती बोटं चिकटली होती इथपर्यंत. गेल्या दीड वर्षात दोघेजण असे निघाले की प्रश्न वाचून काही बोललेच नाहीत, पेपर उलटा करून टेबलावर ठेवला. त्या दोघांसाठी मी टॉवेल घेतला.